हवेचा आकडा येतो कुठून?

डिसेंबर २०२४ संपता संपता मुंबई महापालिकेने भायखळा आणि बोरिवली पूर्व या दोन भागांतली बांधकामे थांबवायला सांगितली. तिथला हवेचा निर्देशांक दोनशेच्या वर गेला होता. वरळी आणि कुलाब्याच्या नेव्हीनगरवर नजर ठेवली जाईल, असेही त्याच वेळी जाहीर झाले. शहरभर बांधकामे चालू असताना दोनच भाग का निवडले, असा प्रश्न पडणे साहजिक होते. उत्तर सरळ होते: मोजणीचा आकडा तिथे चढलेला दिसला म्हणून.

या आदेशात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, भायखळ्याची हवा परळच्या हवेपेक्षा वेगळी असू शकते. दोन, हा फरक आपल्याला मोजता येतो. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी अर्धीच खरी आहे, आणि उरलेला अर्धा भाग भरून काढायला आता कृत्रिम बुद्धिमत्तेला पाचारण केले जात आहे. तिच्याकडून काय होते आणि काय होत नाही, हे समजून घ्यायचे तर आधी आकडा जन्माला कसा येतो ते पाहायला हवे.

हवेतले सगळ्यात घातक कण म्हणजे पीएम २.५, अर्थात अडीच मायक्रोमीटरहून बारीक. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, यावरून आकाराचा अंदाज यावा. हे कण मोजण्याचे प्रमाण यंत्र ठरावीक वेगाने हवा आत ओढते, मोठे कण वाटेतच वगळते, हवा थोडी गरम करून कोरडी करते आणि बारीक कण एका फितीवर जमा करते. फितीतून बीटा किरण सोडले जातात. कणांचा थर जितका जाड, तितके पलीकडे पोचणारे किरण कमी. त्यावरून एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत ते कळते. फीत पुढे सरकते आणि पुढच्या तासाची मोजणी सुरू होते. याच्या जोडीला वायू मोजणारी यंत्रे, वातानुकूलित खोली, अखंड वीज आणि प्रशिक्षित माणूस लागतो. अशा एका केंद्राचा खर्च कोटीच्या घरात जातो. मुंबईत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्था आणि महापालिका यांची सगळी मिळून तीसेक केंद्रे आहेत, म्हणजे सरासरी एका केंद्राच्या वाट्याला कित्येक लाख माणसांची हवा येते. देशातल्या बहुतेक शहरांत तर एवढीही नाहीत. आपल्याकडच्या कित्येक तालुक्यांच्या गावी एकही नाही.

निर्देशांकाची गोष्टही थोडी सांगायला हवी, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. २०१५ पासून वापरात असलेला आपला राष्ट्रीय निर्देशांक आठ प्रदूषकांचा विचार करतो. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सर्वांत वाईट जो असेल तोच त्या जागेचा आकडा. सरासरी इथे चालत नाही. पीएम २.५ साठी चोवीस तासांची भारतीय मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे आणि ६० म्हणजे निर्देशांक १००. हीच हवा अमेरिकी पट्टीवर मोजली तर दीडशेच्या पुढे जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये चोवीस तासांसाठी सुचवलेली पातळी तर १५ आहे. म्हणून एकाच इमारतीत राहणाऱ्या दोघांच्या मोबाइलवर दोन वेगळे आकडे दिसतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यात एकाचे अ‍ॅप आत्ताची हवा दाखवत असते आणि दुसऱ्याचे गेल्या चोवीस तासांची सरासरी. व्हॉट्सअ‍ॅपवरची अर्धी भांडणे एवढ्यावरच मिटावीत.

आता स्वस्त यंत्रांकडे वळू. हातात मावेल एवढी डबी, आत छोटा पंखा आणि लेसर. कणांवर आपटून लेसरचा प्रकाश विखुरतो, तो विखुरलेला प्रकाश मोजला जातो. किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत, म्हणजे एका प्रमाण केंद्राच्या खर्चात अशी डझनांनी यंत्रे बसवता येतात. अडचण अशी की हे यंत्र कणांचे वजन करत नाही, चमक पाहते. आणि दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, यंत्राला वाटते कण वाढले. समुद्राकाठच्या शहरात मिठाचे कण असतातच आणि मीठ पाणी ओढण्यात पटाईत. त्यामुळे जुलैतल्या मुंबईत, म्हणजे वर्षातल्या सर्वांत स्वच्छ हवेच्या दिवसांत, स्वस्त यंत्र घाबरवणारा आकडा दाखवू शकते. याउलट धुळीचे मोठे कण त्याला नीट दिसत नाहीत. काही महिन्यांनी पंख्यात धूळ बसते, लेसर मंदावतो आणि आकडा हळूहळू सरकू लागतो.

इथे शिकणाऱ्या यंत्राचे, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचे, पहिले खरे काम सुरू होते. स्वस्त यंत्र प्रमाण केंद्राशेजारी काही आठवडे ठेवायचे. दोघांची रीडिंग, तापमान, आर्द्रता, दिवसाची वेळ हे सगळे संगणकाला द्यायचे आणि स्वस्त यंत्र केव्हा, किती आणि कोणत्या दिशेने चुकते ते त्याला शिकू द्यायचे. मग ते यंत्र दुसरीकडे बसवले तरी चुकीची दुरुस्ती करून वाचता येते. यासाठी निर्णयवृक्षांच्या झुंडी, न्यूरल नेटवर्क अशा गुंतागुंतीच्या पद्धती वापरतात. पण सगळ्यांत गाजलेली दुरुस्ती शाळेतल्या बीजगणिताची आहे. अमेरिकेत लोकांनी घराबाहेर लावलेल्या पर्पलएअर नावाच्या हजारो यंत्रांसाठी तिथल्या पर्यावरण संस्थेने २०२१ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. यंत्राच्या आकड्याला ०.५२४ ने गुणा, आर्द्रतेच्या टक्क्यांना ०.०८६२ ने गुणून येईल ते वजा करा, आणि ५.७५ मिळवा. यंत्राने १०० दाखवले आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर खरा आकडा निघतो साधारण ५४. म्हणजे जवळजवळ निम्मा! वणव्यांच्या काळात अमेरिकेच्या सरकारी धुराच्या नकाशात असे दुरुस्त आकडेही वापरले जातात. कुठल्याही निविदेत ‘एआय’ ही दोन अक्षरे पाहून हुरळून जाणाऱ्यांनी हे सूत्र जवळ ठेवावे. आत काय आहे ते सांगता येत नसेल तर विकत घेऊ नये.

हे सूत्र मात्र उचलून दादरला लावता येत नाही. तिथला धूर जंगलाच्या वणव्याचा, इथला धूर डिझेलचा, कचऱ्याचा, भट्ट्यांचा, आणि त्यात बांधकामाची धूळ. प्रत्येक प्रदेशाला आपली दुरुस्ती आपणच शोधावी लागते. तशी सुरुवात महाराष्ट्रात झालेली आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात मुंबई परिसरातल्या सरकारी केंद्रांजवळ चार भारतीय कंपन्यांची चाळीस स्वस्त यंत्रे बसवून त्यांची परीक्षा घेतली. प्रयोग चांगला होता, पण तारखा पुन्हा वाचा. नोव्हेंबर ते मे. त्यात पावसाळा नाही, आणि या यंत्रांचा खरा शत्रू पावसाळाच आहे. हिवाळ्यात उत्तीर्ण झालेली दुरुस्ती जूनमध्ये पुन्हा परीक्षेला बसवावी लागते, दर वर्षी.

यंत्रे वाढवली तरी प्रत्येक गल्लीत ती बसणार नाहीत. मग दोन यंत्रांमधल्या जागेचे काय? पूर्वी सोपा उपाय होता: जवळच्या केंद्रांची सरासरी काढायची, जवळच्याला जास्त वजन द्यायचे. हवा अशी समजूतदारपणे पसरत नाही. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात संशोधकांनी गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू मोटारींवर मोजणी यंत्रे बसवून त्या मोटारी वर्षभर गल्लीगल्लीतून फिरवल्या. २०१७ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एकाच रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काही प्रदूषकांचे प्रमाण पाच ते आठ पटींनी बदलत होते. तोही एखाद दिवसाचा अपघात नव्हे, कायमचा फरक. सिग्नलजवळचे घर आणि त्याच रस्त्यावरचे आतले घर वेगळी हवा घेतात.

संगणकाला मग स्थानिक खुणा दिल्या जातात. हमरस्ता किती मीटरवर आहे, इमारती किती उंच, वाहतूक किती, वारा कुठून, जवळ झाडी आहे की तयार काँक्रीटचा (आरएमसी) प्लांट, आणि वरून उपग्रहाला काय दिसते. जिथे यंत्र आहे तिथे या खुणा आणि आकडा यांचे नाते शिकायचे, आणि जिथे यंत्र नाही तिथे त्या नात्यावरून अंदाज बांधायचा. अनेक अ‍ॅप आपल्याला ‘तुमच्या ठिकाणची हवा’ म्हणून जे दाखवतात ते बहुधा हेच असते. ते मोजलेले नसते, काढलेले असते. मला यात वावगे काही वाटत नाही, फक्त ते तसे लिहावे. हवामान खाते पावसाचा अंदाज देते तेव्हा त्याला अंदाजच म्हणते.

या अंदाजाची मर्यादा गरिबांच्या वस्तीत उघडी पडते. संगणकाने जे कधी पाहिलेच नाही त्याचा अंदाज त्याला नीट करता येत नाही. यंत्रे बसतात सरकारी इमारतींवर, महाविद्यालयांत, चांगल्या सोसायट्यांच्या गच्चीवर, कारण तिथे वीज, कुलूप आणि इंटरनेट असते. देवनारच्या कचरा डेपोच्या कडेची गल्ली, माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांना लागून असलेल्या इमारती, चुलीवर स्वयंपाक होणारी वस्ती, ही ठिकाणे शिकवणीत फार कमी येतात. मग संगणक तिथला अंदाज शहराच्या सरासरीकडे ओढतो. नकाशावर तो भाग नारिंगी दिसतो, प्रत्यक्षात तो लाल असतो. यंत्रे कुठे बसवायची हा निर्णय तांत्रिक वाटतो, पण शिकवणीत कुणाची हवा येणार हे त्याच वेळी ठरून जाते. ज्या वॉर्डात माणसे सर्वांत जास्त खोकतात तिथे यंत्रे आधी हवीत.

उपग्रहाबद्दल लोकांच्या अपेक्षा फार मोठ्या असतात. नासाचे टेरा आणि अ‍ॅक्वा हे उपग्रह दोन दशकांहून अधिक काळ हवेतल्या कणांमुळे प्रकाश किती अडतो हे मोजत आले. पण वरून दिसतो तो जमिनीपासून वरपर्यंतचा हवेचा अख्खा खांब. त्यातली आपल्या नाकाजवळची हवा किती, हे वेगळे काढावे लागते आणि ते काम शिकणारी यंत्रे बरेच चांगले करतात. ढग आले की मात्र सगळेच थांबते. कोकणात जून ते सप्टेंबर हा रस्ता जवळजवळ बंद असतो.

आणि उपग्रह येतो ठरलेल्या वेळी. पंजाब-हरियाणातल्या शेतात भाताचा पेंढा जाळतात त्याच्या आगी मोजण्यासाठी दुपारी दीडच्या सुमारास वरून जाणारे उपग्रह वापरले जात. काही वर्षे आगी कमी झाल्याचे दिसत होते, दिल्लीची हवा मात्र त्या मानाने सुधारत नव्हती. २०२४ मध्ये नासातले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी एकाच जागी स्थिर राहून सतत पाहणाऱ्या दक्षिण कोरियाच्या उपग्रहाची चित्रे तपासली तेव्हा लक्षात आले की बऱ्याच आगी उपग्रह निघून गेल्यावर, दुपार कलल्यानंतर लागत आहेत. आगी दिसत होत्या तितक्या कमी झाल्या नव्हत्या, बऱ्याच आगींची वेळ बदलली होती. कितीही हुशार संगणक बसवला असता तरी दुपारी दीडच्या चित्रांतून त्याला चारची आग दिसली नसती.

पुढचे काम भाकिताचे. त्यात पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे नाव आदराने घ्यायला हवे. राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्ताने २०१० मध्ये दिल्लीत तिने ‘सफर’ ही यंत्रणा उभी केली. २०१३ मध्ये ती पुण्यात आली, २०१५ मध्ये मुंबईत, २०१७ मध्ये अहमदाबादला. आजची हवा आणि पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज सामान्य माणसाला कळेल अशा रंगांत सांगण्याची सवय आपल्याला ‘सफर’ने लावली. त्यामागे आहे भौतिक-रासायनिक प्रारूप. कुठून किती धूर निघतो त्याची यादी, वारा, ऊन, रासायनिक क्रिया यांची समीकरणे महासंगणकावर सोडवली जातात. दिल्लीसाठी याच संस्थेने २०१८ मध्ये चारशे मीटरच्या चौकटीपर्यंत बारीक अंदाज देणारी यंत्रणा सुरू केली. २०२२ पासून दिल्लीतले टप्प्याटप्प्याचे निर्बंध हवा बिघडल्यावर नव्हे, तर बिघडणार असल्याचा अंदाज आल्यावर आधीच लावावेत असा नियम झाला. माझ्या मते हवेच्या बाबतीत देशात झालेल्या बदलांत हा फार मोलाचा. अंदाजाला प्रशासकीय किंमत मिळाली.

या प्रारूपाचा कच्चा दुवा म्हणजे धुराची यादी. ती बनवायला वर्षे लागतात आणि शहर तोवर बदलून जाते. नवे मेट्रोचे काम, नवा उड्डाणपूल, पुनर्विकासाची लाट, यातले काहीच जुन्या यादीत नसते. समीकरणांचे उत्तर आणि प्रत्यक्ष आकडा यांच्यातली रोजची तफावत शिकून ती दुरुस्त करणे, हे शिकणाऱ्या यंत्राला छान जमते. काही जण त्याही पुढे गेले आहेत. समीकरणेच न सोडवता जुन्या नोंदींवरून थेट पुढची हवा सांगायची. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी बनवलेले ‘अरोरा’ हे प्रारूप २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ते जगभरच्या हवेचा पाच दिवसांचा अंदाज देते, तोही महासंगणकाला लागणाऱ्या वेळेच्या छोट्याशा भागात. जून २०२२ मध्ये इराकमध्ये आलेले वाळूचे वादळ जुन्या नोंदींवर चालवून पाहिले तेव्हा त्याने एक दिवस आधी ओळखले. कौतुक करण्यासारखेच आहे. पण त्याची चौकट ०.४ अंशांची, म्हणजे सुमारे ४४ किलोमीटर. कुलाब्यापासून दहिसरपर्यंतची मुंबई जवळपास एका चौकटीत मावते. या प्रारूपाला शहराची हवा कळेल, भायखळा आणि बोरिवली यांच्यातला फरक कळणार नाही. आपल्या पालिकेला हवा आहे नेमका तोच फरक.

नुसत्या जुन्या नोंदींवर विसंबण्यात आणखी एक धोका आहे, आणि तिथे हवामानबदल या विषयात शिरतो. २०२२-२३ चा हिवाळा मुंबईकरांना आठवत असेल. सकाळी वरळीहून वांद्र्याचे टोक दिसेना, खोकला आठवडेच्या आठवडे जाईना. तोवर आपल्याला समुद्राचा वारा तारतो अशी समजूत होती, आणि एरवी ती खरीही आहे. ‘सफर’चे संस्थापक-संचालक राहिलेले डॉ. गुफरान बेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या हिवाळ्याचा अभ्यास केला. प्रशांत महासागरात सलग तिसऱ्या वर्षी ला निना (समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा थंड असण्याची अवस्था) टिकून होती. त्यामुळे वाऱ्यांची घडी बदलली, उत्तरेकडची हवा वेगाने दक्षिणेकडे सरकली आणि द्वीपकल्पात जमिनीलगतचा वारा मंदावला. नेहमीची बदनाम दिल्ली त्या वर्षी सुमारे १० टक्क्यांनी सुधारली, मुंबईत पीएम २.५ सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. हजारो किलोमीटरवरचे समुद्राचे तापमान आणि आपल्या बाल्कनीतली धूळ यांचा असा संबंध लागतो. आधीच्या दहा हिवाळ्यांवर शिकलेल्या संगणकाला असा हिवाळा अनोळखी असतो. हवामान जसजसे जुन्या चाकोरीतून बाहेर पडत जाईल, तसतशी जुनी शिकवणी अपुरी पडत जाईल. म्हणूनच समीकरणे टाकून देऊ नयेत. वाऱ्याचे नियम कोणत्याही वर्षी तेच असतात.

शिकणाऱ्या यंत्राचा मला सर्वांत आवडणारा उपयोग मात्र भाकिताचा नाही, हिशेबाचा आहे. जानेवारी २०१९ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात सुमारे १३० शहरे आली, महाराष्ट्रातली बरीच. कण कमी झाले की महापालिका श्रेय घेते, वाढले की वाऱ्याला दोष देते. खरे काय? यॉर्क विद्यापीठाच्या स्टुअर्ट ग्रेंज आणि डेव्हिड कार्सलॉ यांनी यासाठी एक युक्ती रूढ केली. संगणकाला आधी वारा, तापमान, आर्द्रता, वार, महिना यांवरून प्रदूषण कसे ठरते ते शिकवायचे. मग एखाद्या दिवसाला त्याचे खरे हवामान न देता, नोंदवहीतून चिठ्ठ्या टाकून काढलेले शेकडो वेगवेगळे दिवस द्यायचे आणि येणाऱ्या उत्तरांची सरासरी काढायची. हवामानाचा वाटा गळून पडतो, उरतो तो माणसाचा. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० च्या टाळेबंदीबाबत दिल्लीसह अकरा शहरांत ही पद्धत लावली तेव्हा असे दिसले की हवेतला बदल झाला खरा, पण नुसत्या आकड्यांवरून वाटला त्यापेक्षा कमी. काही श्रेय त्या दिवसांच्या हवामानाचे होते. दर वर्षी मार्चमध्ये प्रत्येक महापालिकेने असा हवामान वजा केलेला हिशेब छापला तर कोट्यवधी रुपयांची पाणी फवारणारी वाहने उपयोगी पडतात का, ते एका आलेखात समजेल. हे करायला नवी यंत्रे लागत नाहीत. आकडे आहेत, सॉफ्टवेअर फुकट आहे.

धूर कुठून येतो हे शोधण्यातही चित्र ओळखणारी यंत्रे कामाला येतात. बांगलादेशात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने उपग्रहचित्रांतून विटांच्या भट्ट्या ओळखायला संगणकाला शिकवले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात तीन-चतुर्थांशाहून जास्त भट्ट्या शाळेपासून एक किलोमीटरच्या आत, म्हणजे कायद्याविरुद्ध असल्याचे दिसले. निरीक्षकांची फौज न पाठवता पत्त्यासकट यादी मिळाली. आपल्याकडे कॅमेऱ्यातून कचऱ्याची आग, झाकण न घातलेले राडारोड्याचे डंपर, हिरवे कापड न लावलेली बांधकामे ओळखणे अवघड नाही. पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी सत्तावीस कलमी नियमावली काढली, त्यात बांधकामाच्या जागी सेन्सर बसवण्याचे कलम आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. (पावाची चव बदलेल अशी हळहळ व्यक्त झाली, भट्टीच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना कुणी विचारले नसावे.) आदेश आहेत, आता ते पाळले जातात का हे पाहणारे डोळे हवेत.

आकड्यावर दंड किंवा बक्षीस अवलंबून असले की आकड्याशीच खेळ सुरू होतो. चीनमधल्या शिआनमध्ये २०१६ साली पर्यावरण खात्याच्याच अधिकाऱ्यांनी मोजणी केंद्राच्या नळीत सूत कोंबले. कण आतच जाईनात आणि हवा कागदावर स्वच्छ झाली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवास झाला. इथे संगणक चांगला पहारेकरी ठरतो. शेजारची चार केंद्रे चढत असताना एकच केंद्र शांत बसले, किंवा वारा थांबूनही आकडा पडला, की त्याला लगेच खटकते. पण बांधकामाच्या जागेवरचा सेन्सर बिल्डरच्याच ताब्यात असेल आणि त्याचे आकडे लोकांसाठी खुले नसतील, तर पहारेकऱ्याला काही दिसणारच नाही.

उन्हाळ्याचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. हवेचे प्रदूषण म्हणजे हिवाळा हे समीकरण आपल्या डोक्यात पक्के आहे. पण कडक उन्हात वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि बाष्पनशील द्रव्ये यांतून जमिनीलगत ओझोन तयार होतो. उष्णतेची लाट आणि ओझोन हातात हात घालून येतात, आणि दोन्ही मिळून हृदयावर आणि फुप्फुसावर जो ताण टाकतात तो एकेकट्यापेक्षा जास्त असतो. चंद्रपूरचेच पाहा. एकीकडे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत जाणारे तापमान, दुसरीकडे २९२० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आणि खाणी. तिथल्या माणसाला उष्णतेचा इशारा एका खात्याकडून आणि हवेचा दुसऱ्या खात्याकडून येऊन चालणार नाही. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि २०१७ मध्ये ‘सफर’च्या आधाराने हवेचाही आराखडा केला. दवाखाने, शाळा, पालिका यांनी कोणत्या रंगाच्या दिवशी काय करायचे ते आधीच ठरलेले. ऊन आणि हवा यांचा एकत्र अंदाज देणे संगणकाला आजही शक्य आहे. त्या अंदाजावर कुणी काय करायचे, हे लिहून ठेवणारी शहरे थोडी.

काजळीमुळे तर हवा आणि हवामान हे दोन विषय एकच होतात. डिझेल, चुली, भट्ट्या यांतून निघणारी काजळी ऊन शोषते, हवा तापवते, पण हवेत टिकते काही दिवस ते काही आठवडे. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो. म्हणून काजळी कमी केली तर फुप्फुसांना आणि वातावरणाला दोघांनाही फायदा, तोही याच पिढीच्या डोळ्यांदेखत. आपल्या बहुतेक केंद्रांवर काजळी वेगळी मोजली जात नाही. जे मोजत नाही ते संगणक शिकत नाही.

पैसे कुठे घालावेत याबद्दल माझे मत ठाम आहे. आधी प्रमाण केंद्रे वाढवा आणि चालू ठेवा, कारण स्वस्त यंत्रे, उपग्रह आणि संगणक या सगळ्यांचे मास्तर तीच आहेत. मग धुराची यादी दर दोन-तीन वर्षांनी नवी करा. मग स्वस्त यंत्रे, आणि ती सर्वांत वाईट हवेच्या वस्त्यांपासून. या सगळ्यावर संगणक, आणि त्याचा अंदाज किती चुकला हे रोज जाहीर. आज उलटे घडते. सोहळा होतो डॅशबोर्डचा, आणि केंद्राची फीत संपली म्हणून आठवडाभर रकाने रिकामे राहतात.

वाचकाने एवढे जरूर करावे. अ‍ॅपवर आकडा दिसला की खाली केंद्राचे नाव आहे का ते पाहावे, भारतीय पट्टी आहे की अमेरिकी ते पाहावे, आणि आकडा या तासाचा की चोवीस तासांचा तेही पाहावे. केंद्राचे नाव नसेल तर तो अंदाज आहे असे समजावे. आपल्या वॉर्डात केंद्र कुठे आहे, ते गेल्या महिन्यात किती दिवस चालू होते आणि जवळच्या बांधकामावरच्या सेन्सरचे आकडे कुठे पाहायला मिळतात, हे वॉर्ड ऑफिसला लेखी विचारावे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.